अखंड दोऱ्याचा उंदीर
(कार्यानुभव विभागाकडून)

गेल्या वर्षी हिवाळ्यात सातवीच्या मुलामुलींनी बालवाडीसाठी लोकरीचे ससे केले होते, ते तुम्हाला आठवत असतील. चौदा ससे होते. प्रत्येकाचे डोके वेगळे, धड वेगळे, दोन कान, दोन हात, दोन पाय आणि शेपटी, असे नऊ तुकडे आधी विणायचे आणि मग मोठ्या सुईने एकमेकांना शिवायचे. ससे दिसायला फार गोजिरवाणे झाले. स्नेहसंमेलनात पालकांनी कौतुक केले, फोटो निघाले, आणि दुसऱ्या आठवड्यात ते बालवाडीत गेले.

तिसऱ्या दिवशी बालवाडीच्या ताईंना दिसले की एक मुलगी खाऊची सुट्टी नसताना काहीतरी चघळते आहे. त्यांनी तिच्या तोंडात बोट घातले, तर सशाचा कान निघाला. मुलीला काही झाले नाही. ताईंनी कान धुऊन, रुमालात गुंडाळून आमच्या हाती दिला आणि एवढेच म्हणाल्या, "बाई, हा तुमचा."

त्याच दुपारी आम्ही चौदाही ससे परत आणले आणि प्रत्येकाचा एकेक अवयव धरून ओढून पाहिला. निम्म्याहून अधिक सशांचे काही ना काही हलू लागले. यात मुलांचा दोष नव्हता. विणलेला भाग कुठेच तुटला नव्हता, तुटली होती ती शिवण. विणताना मुले मन लावून विणतात. शिवायची वेळ येते तेव्हा सत्र संपत आलेले असते, हात कंटाळलेले असतात आणि चार टाके घालून गाठ मारली की झाले असे वाटते. दोष होता तो आमच्या निवडीचा. जे काम सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत होणार, त्यावरच खेळण्याची मजबुती अवलंबून ठेवली होती.

पुढच्या बैठकीत एका विश्वस्तांनी रास्त प्रश्न विचारला, की मग हा उद्योग बंदच का करू नये? बाजारात खेळणी मिळतात. आम्ही एक सत्र मागून घेतले. त्या सत्रात जे शिकलो ते या पाठात आहे. एकही तुकडा न शिवता, एकाच दोऱ्यात, नाकापासून शेपटीपर्यंत होणारा लहानसा उंदीर.

आधी थोडे मोजमापाचे. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे वापरतात. खेळण्याचा सुटलेला तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देण्याजोगे नाही असे समजतात. आमच्या सशाचा कान त्यात आरामात मावला असता. भारतात १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची खूण सक्तीची झाली आहे. आपण खेळणी विकत नाही, त्यामुळे आपल्याला खूण घ्यावी लागत नाही. पण नियम लागू नाही म्हणून मुलाचा घसा काही मोठा होत नाही.

अशा विणलेल्या बाहुल्या-प्राण्यांना जपानी भाषेत 'आमिगुरुमी' म्हणतात, आणि गेल्या वीसेक वर्षांत हा शब्द जगभर गेला आहे. त्याची फोड गमतीची आहे. कापसाने भरलेल्या कापडी खेळण्याला जपानीत 'नुइगुरुमी' म्हणतात. त्यातला 'नुइ' म्हणजे शिवणे आणि 'गुरुमी' म्हणजे गुंडाळलेले. 'नुइ' काढून त्या जागी विणण्याचा 'आमि' घातला की झाले आमिगुरुमी. शिवण्याच्या जागी विणणे! तरीही बहुतेक आमिगुरुमींचे हातपाय शेवटी शिवतातच. आपण तेवढेही करणार नाही.

क्रोशाचे काम आपल्या घरांना नवे नाही. तोरणे, ताटावरचे रुमाल, रेडिओवरचे आणि नंतर टीव्हीवरचे आच्छादन, बाळाचे टोपडे, यांतले एखादे तरी तुमच्या घरच्या पेटीत असेलच. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून स्त्रिया हे काम शिकल्या. तिथल्या क्रोशाच्या लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे डोळे मोठे होतात. स्वेटर विणणारी यंत्रे आहेत, पण हाताच्या क्रोशाचे टाके हुबेहूब घालणारी यंत्रे कारखान्यांत नाहीत. दुकानात क्रोशासारखे दिसणारे यंत्राचे कापड मिळते, पण त्याची वीण निराळी असते.

आता साहित्य. ग्वाल्हेरात लोकर मिळायला अडचण नाही, आपल्या थंडीने ती सोय करून ठेवली आहे. दुकानात मात्र 'ऊन' मागावे लागते. पाचवीतल्या एका मुलाला आम्ही बाड्यावरून ऊन आणायला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला होता. तर मध्यम जाडीची, गुळगुळीत, धुता येणारी अ‍ॅक्रिलिक लोकर घ्यावी. केसाळ, मऊ लव असलेली लोकर हातात घेतली की मोह पडतो, पण घेऊ नये. टाके दिसत नाहीत, आणि लहान मूल तोंडात घालते तेव्हा तिचे केस जिभेला चिकटतात. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात चार-पाच उंदीर सहज होतात. घरी उरलेल्या लोकरीचे तुकडे असतील तर उत्तमच, मात्र एका उंदराला पुरेल एवढी, म्हणजे पंधरा-वीस मीटर लोकर सलग हवी. मध्ये गाठ आली की अखंड दोरा म्हणण्यात अर्थ नाही.

क्रोशाची सुई ३ मिलिमीटरची घ्यावी. दुकानदार या लोकरीला ४ची सुई देऊ करील. स्वेटर-शालीला ती बरोबर आहे, आपल्याला नाही. आपल्याला वीण घट्ट हवी. दोन-तीन फेरे झाल्यावर काम खिडकीसमोर धरून पाहा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर आतला कापूस उद्या बाहेर दिसणार. याशिवाय वेगळ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा खुणेसाठी, डोळ्यांसाठी काळी लोकर, कात्री, आणि आत भरायला उशीत भरतात तो धुता येणारा पांढरा फायबर. साधा कापूस धुतल्यावर गोळे होऊन बसतो आणि वाळता वाळत नाही. मोहरी, तांदूळ, थर्मोकोलचे दाणे भरू नयेत. एक टाका सुटला तर ते सगळे मुलाच्या तोंडात जातील. खुणेसाठी सेफ्टी पिनही वापरू नये. पूर्वी आम्ही वापरत असू, आणि एकदा ती सशाच्या पोटात राहून गेली होती. ती वेळीच सापडली, पण तेव्हापासून आमच्या तासाला पिना बंद.

टाक्यांची नावे सांगताना थोडा गोंधळ होतो, तो आधीच मिटवू. साखळी सर्वांना येते. सुई घरात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. याला आपल्याकडे मुका खांब म्हणतात, आणि आपला उंदीर जवळजवळ सगळा याच टाक्याचा आहे. सुई घरात घालण्याआधी तिच्यावर दोऱ्याचा एक वेढा घेतला आणि मग दोन-दोन वेढ्यांतून दोनदा काढले, की झाला खांब. घरात सुई घालून ओढलेला दोरा सुईवरच्या वेढ्यातूनही तसाच पुढे काढला, तर त्याला आम्ही वर्गात सरकता टाका म्हणतो. इंग्रजी पुस्तक किंवा व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी मात्र जपावे. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात, इंग्लंडचे लोक त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आजीच्या पेटीतले जुने पुस्तक बहुधा इंग्लंडच्या पद्धतीचे असते आणि नातीच्या मोबाइलवरचा व्हिडिओ अमेरिकन पद्धतीचा. मग दोघींचे भांडण होते आणि दोघी बरोबर असतात. भांडण झाले तर वेढे मोजा, नावे सोडून द्या.

विणण्याआधी थोडे गणित. फेऱ्यांचे आकडे नुसते पाठ करायचे नाहीत, ते कुठून आले ते कळले पाहिजे. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच साधारण उंच असतो. म्हणजे मध्यापासून सुरू करून गोल गोल विणत गेलो, की प्रत्येक फेऱ्याला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ किती वाढेल? सहावी-सातवीच्या मुलांनी सांगावे. दोन गुणिले बावीस सप्तमांश, म्हणजे सहाहून थोडे जास्त. म्हणून प्रत्येक फेऱ्यात सहा टाके वाढवले तर पोळीसारखी सपाट चकती होते. ६, १२, १८, २४, सहाचा पाढाच. सहाहून कमी वाढवले तर कडा पुरेशी पसरत नाही आणि काम टोपीसारखे वर उचलले जाते. आपल्या उंदराचे तोंड निमुळते हवे, म्हणून आपण एकदम सहा न वाढवता फक्त तीन वाढवणार आहोत. सहाहून खूप जास्त वाढवले तर? कडेला झालरी पडतात. त्या झालरींतही गणित आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टाइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अशाच झालरीदार क्रोशाच्या विणकामातून अतिवलयी भूमितीचे पृष्ठ हातात धरता येईल असे करून दाखवले. कागदाची नाजूक प्रतिकृती लगेच फाटे, लोकरीची टिकली.

शिवण नको असेल तर भिस्त मोजणीवर असते. शिवून केलेल्या सशाचा एक कान वाकडा बसला तर उसवून पुन्हा शिवता येतो. आपल्या उंदराचा कान आठव्या फेऱ्यात ज्या घरात उगवला तिथेच जन्मभर राहणार. म्हणून प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी टाके मोजायचे, आणि कंसातला आकडा जुळला तरच पुढे जायचे. नाही जुळला तर तो एकच फेरा उसवायचा. तीन फेऱ्यांनंतर लक्षात आले तर तीन उसवावे लागतात, आणि तेव्हा तुम्हालाच रडू येते.

फेरे एकमेकांना जोडायचे नाहीत. जिन्यासारखे, गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल वर चढत जायचे. फेरा कुठे सुरू झाला ते कळावे म्हणून पहिल्या टाक्यात खुणेचा रंगीत तुकडा अडकवून ठेवायचा आणि दर फेऱ्याला तो वर घ्यायचा. 'वाढ' म्हणजे एकाच घरात दोन मुके खांब. 'घट' म्हणजे दोन घरांचा मिळून एक मुका खांब. प्रत्येक घराला वर दोन दोरे दिसतात. घट करताना लागोपाठच्या दोन घरांचे फक्त पुढचे दोरे सुईवर घ्या, त्यांतून दोरा ओढा आणि नेहमीसारखा मुका खांब पुरा करा. दोन्ही दोरे घेऊन घटवले तरी चालते, पण मग तिथे गाठ आणि भोक दोन्ही दिसतात.

सुरुवात नाकापासून. दोन साखळ्या घाला, पहिली किंचित सैल ठेवा.

फेरा १ : त्या पहिल्या साखळीत ६ मुके खांब. (६)
फेरा २ : प्रत्येक घरात १. (६)
फेरा ३ : १ मुका खांब, १ वाढ, असे तीनदा. (९)
फेरा ४ : प्रत्येक घरात १. (९)
फेरा ५ : २ मुके खांब, १ वाढ, असे तीनदा. (१२)
फेरा ६ : ३ मुके खांब, १ वाढ, असे तीनदा. (१५)
फेरा ७ : ४ मुके खांब, १ वाढ, असे तीनदा. (१८)

इथे थांबा. सुरुवातीचा लोंबता दोरा ओढून नाकाचे भोक बंद करा, आतून गाठ मारा आणि टोक आतच सोडा. आता काम कसे धरले आहे ते पाहा. वाटीची बाहेरची बाजू तुमच्याकडे हवी आणि सुई बाहेरून आत जायला हवी. नवीन विणणाऱ्यांचा हात नकळत उलटा बसतो. वाटी उलटी होते, आतली बाजू तोंडासमोर येते, आणि सातव्या फेऱ्यापर्यंत काही बिघडल्याचे कळतही नाही, कारण मुका खांब दोन्हीकडून जवळपास सारखा दिसतो. मग कान येतात ते उंदराच्या डोक्याच्या आत! पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात असे पाच-सहा उंदीर झाले. उलटे असेल तर घाबरू नका. उसवायचे नाही, मोजा उलटतो तशी वाटी आतून बाहेर करा आणि त्याच ठिकाणाहून पुढे चला.

डावखुऱ्या मुलांचे काम आरशातल्यासारखे उलट दिशेने फिरते. त्यांना आकडे बदलावे लागत नाहीत, कारण उंदीर दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. त्यांना उजव्या हाताने विणायला लावू नये, ही पालकांना विनंती.

आता कान. या पाठातली हीच खरी शिकण्याची गोष्ट आहे, म्हणून सावकाश वाचा.

फेरा ८ : ६ मुके खांब, कान, ४ मुके खांब, कान, ६ मुके खांब. (१८)

कान असा. सातव्या घराच्या वरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त पुढच्या, म्हणजे तुमच्याकडच्या दोऱ्यात काम करायचे. २ साखळ्या घाला. त्याच पुढच्या दोऱ्यात ५ खांब घाला. पुन्हा २ साखळ्या, आणि त्याच दोऱ्यात सरकता टाका घालून खाली या. छोटी पाकळी तयार झाली. आता ती पाकळी बोटाने पुढे वाकवा. तिच्या मागे त्याच घराचा मागचा दोरा मोकळा दिसेल. त्यात १ मुका खांब घाला. मोजणीत धरायचा तो हाच. पाकळी मोजायची नाही. दुसरा कानही असाच.

म्हणजे घराच्या पुढच्या दोऱ्यातून कान निघाला आणि मागच्या दोऱ्यातून डोके पुढे चालू राहिले. दोन्ही एकाच घराचे, एकाच दोऱ्याचे. कान ओढला तर ओढ त्या एका घरावर न राहता शेजारच्या टाक्यांवर, खालच्या-वरच्या फेऱ्यांवर वाटली जाते. सशाच्या कानाची सगळी ओढ चार शिवणटाक्यांवर येत होती. फरक आहे तो इथेच.

कान कुरळे झाले तर खांब फार घट्ट पडले असे समजा. उसवून सैल हाताने घाला. नववीतल्या एका मुलाने ५ऐवजी ८ खांब घालून पाहिले, त्याचा उंदीर हत्तीच्या पिल्लासारखा झाला. तोही चांगला दिसतो, पण मग त्याला उंदीर म्हणू नये.

फेरा ९ : ५ मुके खांब, १ वाढ, असे तीनदा. (२१)
फेरा १० : ६ मुके खांब, १ वाढ, असे तीनदा. (२४)
फेरा ११ : २ मुके खांब, पाय, १८ मुके खांब, पाय, २ मुके खांब. (२४)

पाय म्हणजे एक फुगीर टाका, वर्गात आम्ही त्याला बोंड म्हणतो. एकाच घरात ४ खांब घालायचे, पण प्रत्येक खांब शेवटच्या पायरीआधी अर्धवट सोडायचा. चौथ्यानंतर सुईवर पाच वेढे जमतील. दोरा घेऊन पाचांतून एकदम काढा. बोंड एक टाका म्हणून मोजायचे. ते बहुधा आतल्या बाजूला फुगते. आतून बोटाने बाहेर ढकलले की उंदराला पंजा आला. फेऱ्याची सुरुवात पोटाखाली येते आणि कान वर, म्हणून पंजे आपोआप खालीच येतात. विणता विणता सुरुवात किंचित सरकते, तेवढ्याने बिघडत नाही.

फेरा १२, १३, १४ : प्रत्येक घरात १. (२४)
फेरा १५ : अकराव्यासारखा, मागच्या पायांसाठी. (२४)
फेरा १६ : प्रत्येक घरात १. (२४)

तोंड बंद होण्याआधी डोळे करून घ्या. मणी, बटणे लावू नका, मोठ्यांच्या शोभेच्या उंदराला लावा हवी तर. काळ्या लोकरीचा वीतभर तुकडा घ्या. पाचव्या-सहाव्या फेऱ्याच्या मध्ये, कानाच्या सरळ रेषेत, क्रोशाच्या सुईने त्याचे एक टोक एका टाक्याच्या बाजूने आत घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. बाहेर दोन टोके झाली. त्यांची एकावर एक दोनदा घट्ट गाठ मारा. हा डोळा. मग दोन्ही टोके वेगवेगळ्या भोकांतून आत ओढून घ्या आणि आत एकमेकांना पुन्हा गाठ मारा. दुसरा डोळा तसाच. सुई-दोऱ्याची गरज पडत नाही.

फेरा १७ : २ मुके खांब, १ घट, असे सहा वेळा. (१८)

आता फायबर भरा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आधी नाकात थोडा, मग पोटात. चिमटी-चिमटीने सुटा करून भरा, एकच मोठा गोळा कोंबू नका. दाबला की बोट सोडल्यावर पुन्हा फुगला पाहिजे. मुले हटकून कमी भरतात, आणि चार दिवसांत उंदीर उपाशी दिसू लागतो.

फेरा १८ : १ मुका खांब, १ घट, असे सहा वेळा. (१२) उरलेली जागा भरून घ्या.
फेरा १९ : सहा घट. (६)

दोरा तोडू नका. याच दोऱ्याने शेपटी. २२ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीपासून सुरू करून प्रत्येकीत एक सरकता टाका घालत परत अंगापाशी या, २१ होतील. शेपटी आपोआप थोडी पिळली जाते, ती तशीच चांगली दिसते. ती आणखी लांबवण्याचा मोह होईल, पण लांब दोरी लहान मुलाच्या गळ्या-बोटांत अडकते. वीतभराच्या आतच ठेवा. आता वीतभर दोरा सोडून कापा आणि शेवटच्या वेढ्यातून ओढून काढा. मग राहिलेल्या सहा घरांच्या बाहेरच्या दोऱ्यांतून तो सुईने एकामागून एक ओवा आणि बटव्याची नाडी ओढावी तसा ओढा. भोक मिटेल. तिथेच एक गाठ मारा, क्रोशाची सुई अंगातून आरपार घालून दोरा पोटाच्या दुसऱ्या बाजूला बाहेर काढा, ताणून कापा. टोक आत निसटून जाईल.

कान आणि शेपटी सोडून अंगाचे एकूण ३१८ टाके होतात. ज्याला मोजणी तपासायची असेल त्याने वरच्या कंसांची बेरीज करावी. उंदीर साधारण आठ सेंटीमीटरचा होतो. सराव झालेल्या मुलीला दोन तास लागतात, नव्याने शिकणाऱ्याला तासिकेचे पाच-सहा आठवडे.

पालकांना दोन शब्द. घरी आजी, मावशी, काकू यांपैकी कोणाला क्रोशाचे काम येत असेल, तर मुलाशेजारी बसावे, पण त्याच्या हातातून काम काढून घेऊ नये. सहामाहीनंतर आमच्याकडे काही उंदीर इतके सुबक आले होते, की त्यांचे वय विणणाऱ्याच्या वयापेक्षा साठ वर्षांनी जास्त असावे. वाकडा चालेल, पण त्याचाच हवा. आणि हे मुलींचे काम, असे घरात बोलू नये. सध्या वर्गात सर्वांत घट्ट वीण एका मुलाची आहे, त्याचे वडील दुचाकी दुरुस्त करतात. तो म्हणतो, नट आवळण्यासारखेच आहे, फार आवळला तर आटे जातात.

तयार झालेला प्रत्येक उंदीर बालवाडीत जाण्याआधी तपासला जाईल. दोन्ही कान, शेपटी, डोळ्यांच्या गाठी आणि पंजे एकेक करून दोन बोटांत धरून, मनात दहा मोजेपर्यंत, सगळा जोर लावून ओढायचे. हे काम विणणाऱ्याने स्वतः करायचे नाही, कारण स्वतःच्या उंदराला कोणी जोर लावत नाही, हे आम्ही पाहिले आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलाने ओढायचे. नंतर कोमट पाण्यात साबणाने धुऊन, न पिळता दाबून, दोन दिवस सावलीत वाळवायचा आणि वाळल्यावर पुन्हा एकदा ओढायचा. डोळ्याची गाठ या दुसऱ्या वेळी सैल होऊ शकते, म्हणून धुतल्यानंतरची तपासणी गाळू नये.

आतापर्यंत अकरा उंदीर तपासले. दोन परत गेले, दोन्ही डोळ्यांच्या गाठींसाठी. कान एकाचाही हलला नाही. बालवाडीच्या ताईंनी स्वतः एक घेऊन आमच्यादेखत दातांत धरून ओढला. मग तो पुन्हा धुवायला टाकला, आणि बाकीचे आठ घेऊन गेल्या.

मागच्या वर्षीचा सशाचा तो कान आम्ही फेकलेला नाही. कार्यानुभवाच्या कपाटात, क्रोशाच्या सुयांच्या डब्यात आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मागावा.